सतराव्या ओळीच्या चाळीस पिशव्या

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणते. चाऱ्याच्या गवतांचं संशोधन चालतं त्या केंद्रावर मी एकवीस वर्षं काम केलं, आणि तिथे पंपवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला मागून हवालदार म्हणायचे. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती. वाफ्यात चप्पल घालून आलेला माणूस मी बांधावरूनच परत पाठवायचे. एकदा खुद्द डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मुख्य शास्त्रज्ञांना, पाठवलं होतं. ते बिचारे मुकाट्यानं चप्पल हातात घेऊन आले.

माझं काम पिशव्या बांधण्याचं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठं? पण सगळं केंद्र त्या पिशव्यांवर उभं होतं. आमचं गवत वाऱ्यावर पोसलेलं. तुरा आला की पराग हवेत उडतो, या झाडाचा त्या झाडाला, त्याचा तिसऱ्याला. त्याला स्वतःचा पराग मानवत नाही. पण डॉक्टरांना हवी होती एकसारखी ओळ, म्हणजे एकाच झाडाचा वंश, जिच्यात लपूनछपून काही नाही. त्यासाठी तुऱ्यातून पराग बाहेर डोकावायच्या आधी त्याच्यावर बटरपेपरची पिशवी चढवायची, बुडाशी दोऱ्यानं गाठ मारायची, आणि झाडाला स्वतःच्याच परागावर बी धरायला लावायचं. त्याच झाडाचे बाकीचे तुरे मोकळे सोडायचे. मग दोन्हीचं बी शेजारी शेजारी पेरायचं. आम्ही त्यांना बंद ओळ आणि उघडी ओळ म्हणायचो.

उघडी ओळ कमरेएवढी व्हायची. बंद ओळ पहिल्या वर्षी मांडीएवढी, दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी. फुटवे कमी, पानं फिकट, बी तर मोजून चार दाणे. काही रोपं ट्रेमध्ये पांढरीफटक उगवायची, हिरवेपणाचा टिपूस नाही. आठ-दहा दिवस उभी राहायची आणि मरायची. घरातल्या घरात सोयरीक करत गेलं की पिढ्यान् पिढ्या पोटात दडलेली दुखणी अशी वर येतात, असं डॉक्टर समजावून सांगायचे. साठ झाडांपासून सुरुवात केली होती, तिसऱ्या वर्षी नऊ ओळी शिल्लक राहिल्या. त्यात सतरावी माझी लाडकी. बुटकी होती, पण पान मऊ, जनावरानं हावरटासारखं खावं असं.

माझ्याबरोबर धाकटी काम करायची. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, मी एकोणीस. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची शाळा मी केली, तिचं लग्न मी लावून दिलं. माझं राहून गेलं, ते राहूच दिलं. पुढे तिच्या नवऱ्याचं काम सुटलं, पदरात दोन मुली, तेव्हा डॉक्टरांच्या दारात उभी राहून तिला केंद्रावर मीच चिकटवली. हंगामी म्हणून. हात चांगला होता तिचा, माझ्याहून हलका. माझी गाठ मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली, ती हिला. पानाच्या खालून दोन वेढे, टोक आत दुमडून वर ओढायचं. वादळात पिशवी फाटेल, पण ही गाठ सुटायची नाही.

तिसऱ्या वर्षीच्या हंगामात सतराव्या ओळीनं धीर सोडला. पहिल्या आठवड्यात बांधलेल्या पिशव्या उघडून पाहिल्या तर दाणा नाही. नुसता भुसा. मी वाफ्यात बसून रडले, खोटं कशाला बोलू. डॉक्टर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, यंदा सतरानंही हात टेकले तर वरचे लोक हा प्रकल्प गुंडाळतील. हंगामी लोकांना मग मला थांबवता येणार नाही.’ धाकटी माझ्या मागेच उभी होती, हातात दोऱ्याचं रीळ घेऊन. मी डोळे पुसले आणि उरलेल्या चाळीस तुऱ्यांना पिशव्या चढवल्या. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि माझी सही.

त्या चाळीस पिशव्यांत बी भरलं. थोडंथोडकं नाही, मूठभर! पुढच्या वर्षी त्याची रोपं उठली ती कमरेपर्यंत. बंद ओळ उघड्या ओळीच्या खांद्याला खांदा लावून उभी! डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. आपल्यातच सोयरीक करून न खंगणारं गवत सापडलं, असा त्यांनी लेख लिहिला, तो छापून आला, माणसं लांबून बघायला आली. सतराव्या ओळीपुढे उभं करून माझा आणि धाकटीचा फोटो काढला. धाकटी माझ्या गळ्यात हात टाकून हसत होती. मी सुद्धा हसत होते. मूर्ख!

पाचवी पिढी मी ट्रेमध्ये पेरली, आणि पंधराव्या दिवशी वाकून बघते तर हे काय! चार रोपांत एकाचं बूड लाल.

सतराव्या ओळीत लाल बूड कधीच नव्हतं. ना आजीत, ना पणजीत. लाल बुडाचं एकच गवत आमच्याकडे होतं, कोपऱ्यातल्या वाफ्यातलं, डोंगरावरून आणलेलं. आम्ही त्याला लालबुड्या म्हणायचो. हा लाल रंग दुसऱ्याशी मिसळला की एक पिढी लपून बसतो, आणि पिशवीत कोंडून पुन्हा बी धरायला लावलं की वर येतो. मी स्वतः जाऊन डॉक्टरांना ट्रे दाखवला. झाकून ठेवता आला असता, पण ते माझ्या रक्तात नाही. डॉक्टरांचा चेहरा खडूसारखा झाला. त्यांनी चौथ्या पिढीची पानं बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. महिन्यानं उत्तर आलं: चाळीसच्या चाळीस झाडांचा बाप लालबुड्या. म्हणजे ती बंद ओळ बंद नव्हतीच.

छापलेला लेख मागे घ्यायचा म्हणजे कुणाची तरी मान हवी. पिशव्यांवर सही माझी. वरून पत्र आलं: पिशव्या बेफिकिरीनं बांधल्या गेल्याचं दिसतं, गुरुवारी चौकशी समिती बसेल, तोवर या कर्मचाऱ्यानं वाफ्यात पाऊल टाकू नये. दोष सिद्ध झाल्यास काम जाईल आणि तिच्या एकवीस वर्षांच्या नोंदी अविश्वसनीय धरल्या जातील.

बेफिकिरीनं! मी! तळपायाची आग मस्तकात गेली. काम गेलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण एकवीस वर्षांत मी बांधलेली प्रत्येक गाठ खोटी? त्या नोंदींवर तीन वाण उभे होते. डॉक्टरांकडे गेले तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बाई, मी काय करू, माझ्या हातात काही नाही.’ पंधरा वर्षं त्यांचा चहा माझ्या हातचा होता, पण वेळ आल्यावर हात झटकून मोकळे.

वाफ्यात पाऊल टाकायचं नाही असं लिहिलं होतं, गोदामाबद्दल काही लिहिलं नव्हतं. मी गोदामात गेले. माझी एक सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. बी काढताना मी तुरा गाठीच्या खालून कापायचे आणि पिशवीचं वरचं तोंड उघडून दाणे झटकायचे, म्हणजे गाठ, दोरा, दांडा सगळं पिशवीला तसंच राहायचं, आणि त्या रिकाम्या पिशव्या मी फेकत नसे. वर्षावार खोक्यात भरून ठेवायचे. पंपवाला म्हणायचा, हवालदार, म्हातारपणी यांची चादर शिवणार काय?

तिसऱ्या वर्षाचं खोकं काढलं. सतराव्या ओळीच्या चाळीस पिशव्या जमिनीवर मांडल्या. एकही फाटलेली नव्हती. एकही गाठ सैल नव्हती. पण कागदावर दोऱ्याचे वळ दोन होते. एक वर, एक त्याच्याखाली बोटभर. चाळीसच्या चाळीस पिशव्यांवर. म्हणजे एकदा बांधलेली गाठ कुणीतरी सोडली होती आणि पुन्हा बांधली होती. आणि दुसरी गाठ माझीच होती. दोन वेढे, टोक आत दुमडून वर ओढलेलं.

मग त्या वर्षीची वही काढली. कोणतं गवत कधी पराग सोडतं ते मी रोज लिहायचे. आमची सगळी गवतं सकाळी सात ते नऊ. एकटा लालबुड्या दुपारी एकनंतर. पिशवी सैल असती तर सकाळी शेजारपाजारच्या पन्नास गवतांचा पराग आत शिरला असता, चाळीस झाडांचे बाप दहा तरी निघाले असते. इथे बाप एकच. म्हणजे पिशव्या सकाळभर घट्ट होत्या, दुपारी एक वाजता उघडल्या, आणि दोनच्या आत पुन्हा बांधल्या.

दुपारी एक ते दोन आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये डबा खायचो. सगळे. फक्त त्या हंगामात धाकटी म्हणायची, ‘ताई, तू सुरू कर, मी मुलींना फोन करून आलेच.’ मी तिचा डबा झाकून ठेवायचे, गार होऊ नये म्हणून.

मी त्या पिशव्यांच्या मध्ये मटकन खाली बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी सरकली नाही. माझी तिथेच होती, घट्ट, आणि त्यावर चाळीस पिशव्या मांडलेल्या होत्या.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. मुली बाहेर खेळत होत्या. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. मी बसलेही नाही.

‘सतराव्या ओळीच्या पिशव्या दुपारी तू उघडत होतीस?’

तिनं पातेलं पुसलं, ठेवलं, दुसरं घेतलं. मग म्हणाली, ‘पाचच दिवस. रोज आठ पिशव्या.’

‘पाचच दिवस! शाबास! आणि मी महिनाभर सगळ्यांच्या शिव्या खातेय ते?’

‘ताई, ओरडू नकोस गं. तू वाफ्यात बसून रडत होतीस. मला बघवलं नाही. आणि प्रकल्प गेला असता तर मी पण गेले असते. मुलींना घेऊन कुठे जाणार होते मी? मला वाटलं, थोडा वारा लागला तर काय बिघडतं. उघड्यावर चांगलं येतंच की.’

‘फोटो काढताना सांगायचंस. लेख छापला तेव्हा सांगायचंस. पत्र आलं तेव्हा तरी!’

‘भीती वाटली.’

‘माझी?’

ती पातेलं छातीशी धरून खाली बघत उभी राहिली. लहानपणी काही फोडलं की अशीच उभी राहायची, आणि मी तिच्यावर ओरडून झाल्यावर स्वतःच ते निस्तरायचे. त्या दिवशीही तसंच झालं. माझा आवाज बसला, राग ओसरला, आणि मला तिची दया आली. तेवढं माझं चुकलं.

मी म्हणाले, ‘ऐक. गुरुवारी मी समितीला पिशव्या दाखवीन. मुद्दाम कुणीतरी उघडल्या एवढंच सांगीन. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. मग तुला बोलावतील. तेव्हा तू स्वतः सांग की घाबरून केलं, माफ करा. स्वतःहून कबूल केलं की माणसाला सांभाळून घेतात. मी डॉक्टरांच्या पाया पडेन, पण तुला ठेवून घ्यायला लावीन. सांगशील ना?’

‘सांगेन,’ ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. परतताना मुलींचे गालगुच्चे घेऊन आले.

गुरुवारी सभेच्या खोलीत तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, चष्मा दोरीला लावलेला, दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ, आणि कोपऱ्यात डॉक्टर. मी खोकं घेऊन गेले होते. पिशव्या टेबलावर मांडल्या. दोन वळ दाखवले. वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या. मग गाठ. ही गाठ कुणाच्याही हातून पडत नाही, हे मी त्यांना पटवून दिलं. एका गृहस्थांना दोरा देऊन म्हणाले, बांधून बघा. त्यांना जमेना. अध्यक्षबाईंना जमेना. त्या हसल्या सुद्धा. मला वाटलं, जिंकले. चांगली पंधरा मिनिटं मी बोलत होते आणि एकदाही आवाज चढवला नाही.

‘म्हणजे बेफिकिरी नव्हे,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘जाणूनबुजून केलेलं काम. बरोबर?’

‘अगदी बरोबर.’

‘ही गाठ कुणाकुणाला येते?’

‘मला. आणि माझ्या बहिणीला.’

त्यांनी धाकटीला आत बोलावलं. ती पदर सावरत आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, बोल, घाबरू नकोस अशी.

‘या पिशव्या तुम्ही उघडल्या होत्या?’

‘हो.’

‘का?’

ती टेबलाकडे बघत होती, पिशव्यांकडे. मग एका दमात म्हणाली, ‘ताईनं सांगितलं म्हणून.’

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, आत शिरलं नाही.

‘सतरावी ओळ गेली तर तिची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. मला म्हणाली, दुपारी कुणी नसतं, तू उघड, मी सगळ्यांना शेडमध्ये धरून ठेवते. मी नाही म्हणू शकले नाही.’

‘अगं ए!’ मी उठलेच. ‘काय बोलतेस तू? रविवारी तुझ्या ओट्यापाशी उभी राहून काय कबूल केलंस? थोबाड फोडीन तुझं!’

‘बसा,’ अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. एका गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली. धाकटीनं दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले होते. मी मारणार आहे असं तिला खरंच वाटलं असेल का? मी तिला जन्मात एकदाही हात लावलेला नाही. पण त्या खोलीत बसलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

‘रविवारच्या बोलण्याला कुणी साक्षीदार?’

साक्षीदार कुठून आणू? मुली बाहेर खेळत होत्या.

अध्यक्षबाई डॉक्टरांकडे वळल्या. ‘तुम्ही दोघींना ओळखता. धाकट्या बाई एवढं काम स्वतःच्या डोक्यानं करतील?’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस खोटं बोलणारा नव्हे, हेच वाईट झालं. म्हणाले, ‘खरं सांगायचं तर, मोठीला विचारल्याशिवाय ती पाणीही पीत नाही.’

संपलं. पिशव्या मी आणल्या, वळ मी दाखवले, जाणूनबुजून केलं हे मी सिद्ध केलं, गाठ आमच्या दोघींचीच हे मीच पटवून दिलं. त्यांना आता फक्त ठरवायचं होतं की हुकूम कुणी दिला आणि ऐकलं कुणी. आणि मी तर हवालदार. आयुष्यभर हुकूमच सोडत आले. मी आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले आणि मोठ्यानं बोलले, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी त्यांना अधिकाधिक तशीच वाटत गेले असणार.

तासाभरानं निकाल वाचून दाखवला. माझं काम त्याच दिवसापासून बंद. तीन वाणांची फेरतपासणी. धाकटीनं दबावाखाली केलं आणि खरं सांगितलं, म्हणून तिला समज देऊन सोडलं. पिशव्या बांधायला माहितगार माणूस हवंच, तेव्हा ते काम पुढच्या हंगामापासून तिच्याकडे. डॉक्टरांनी चाव्यांसाठी हात पुढे केला. मी चाव्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्या हातात दिल्या नाहीत.

बाहेर लांब व्हरांडा आहे, एका बाजूला खिडक्या. धाकटी शेवटच्या खिडकीशी थांबली होती. मला वाटलं होतं ती पळून जाईल. पळून गेली असती तर बरं झालं असतं. मी जवळ गेले तशी ती भिंतीला टेकली.

‘ताई, रविवारी मी खरंच ठरवलं होतं गं. शपथ. पण आत गेले आणि...’

‘आणि काय?’

‘त्यांनी काढून टाकलं असतं मला. हंगामीला कोण सांभाळून घेतं? तूच एवढी भोळी.’ तिचे डोळे वाहत होते, पण आवाज घट्ट होता, माझ्यासारखा. ‘मला दोन मुली आहेत, ताई. तुझं काय, तू एकटी. तुझं कसंही भागेल.’

वेणीतून सुटलेली बट तिच्या गालाला चिकटली होती. माझा हात सवयीनं ती मागे सारायला निघाला होता, तो मी परत घेतला.

‘एकटी कुठे होते मी?’ मी म्हणाले. ‘आज झाले.’